पाळी थांबली म्हणजे पाळणा थांबला असे नव्हे

धावणाऱ्या भगिनींसाठी, त्यांच्या यजमानांसाठी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी

भगिनींनो,

आज गावोगाव पहाटे मुली धावताना दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करते, कुणी शाळा-कॉलेजच्या संघात आहे. कुणी लग्नानंतर, एक-दोन मुले झाल्यावर, वजन उतरवायला म्हणून सुरुवात करते आणि बघता बघता दहा, एकवीस, बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीला उभी राहते. नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. साताऱ्याच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. ही अभिमानाची गोष्ट आहे. धावणे सोडा, असे सांगायला हे पत्रक मुळीच काढलेले नाही.

पण धावणाऱ्या बायका आपसात बोलतात ते कधी ऐकले आहे? एक म्हणते, "सराव वाढला की पाळी जाते गं, त्यात काय!" दुसरी म्हणते, "बरंच झालं, कटकट गेली." आणि तिसरी हळूच म्हणते, "म्हणजे आता दिवस राहायची पण भीती नाही."

पहिलीचे म्हणणे अर्धे खरे आहे. दुसरीचे धोक्याचे आहे. तिसरीचे तर साफ चूक आहे, आणि या चुकीची किंमत मोठी पडते. म्हणून हा विषय थोडा मुळापासून समजून घेऊ.

पाळी येते कशी?

पाळी येते ओटीपोटातून, पण तिचा हुकूम सुटतो डोक्यातून. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तो साधारण तासा-दीड तासाने, थेंब सोडावा तसा एक संप्रेरक सोडतो. संप्रेरक म्हणजे दवाखान्यात ज्याला हार्मोन म्हणतात ते. रक्तातून जाणारा निरोपच म्हणा ना! हा निरोप जवळच्या पियूषिका ग्रंथीला पोचतो. ती एलएच आणि एफएसएच नावाचे आपले दोन निरोप बीजकोशांना धाडते. बीजकोशात बीज वाढू लागते, इस्ट्रोजेन तयार होते, गर्भाशयाचे अस्तर जाड होते. मग एके दिवशी एलएचची मोठी लाट येते आणि बीज बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कामाला लागते. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी अस्तर गळून पडते. तीच पाळी.

म्हणजे आधी बीज, मग पाळी. हा क्रम नीट ध्यानात ठेवा.

आणखी एक. त्या पहिल्या निरोपाचे मर्म त्याच्या ठेक्यात आहे. शास्त्रज्ञांनी माकडिणींवर प्रयोग करून पाहिले. तासाला एक ठोका याप्रमाणे हे संप्रेरक दिले तर बीजकोश चालू राहतात; तेच संततधार दिले तर उलट बंद पडतात. ठेका चुकला की सगळे चुकले. धावणारणीच्या शरीरात बिघडतो तो हाच ठेका. त्याचे ठोके मंदावतात आणि बीजकोशांना पुरेसा निरोपच मिळत नाही.

मग दोष धावण्याचा का?

पूर्वी असे समजत की अंगावरची चरबी ठरावीक प्रमाणाखाली गेली की पाळी जाते. १९७४ च्या सुमारास हा विचार पुढे आला आणि बरीच वर्षे चालला. पण सारख्याच सडपातळ दोन धावपटूंपैकी एकीची पाळी नियमित आणि दुसरीची बंद, असे सर्रास दिसू लागले. तेव्हा एवढ्याने कोडे सुटत नाही हे उघड झाले.

१९८५ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाळी नियमित असलेल्या, पण धावायची सवय नसलेल्या २८ कॉलेजच्या मुलींना दोन महिने कडक व्यायाम दिला. रोज साडेसहा किलोमीटरपासून सुरुवात, आणि पाचव्या आठवड्यापर्यंत रोज सोळा किलोमीटर. काहींना वजन टिकेल इतके खायला दिले, काहींचे वजन उतरेल असे. या काळात पूर्णपणे व्यवस्थित पाळी राहिली ती फक्त चौघींची, आणि त्यातल्या तिघी वजन टिकवणाऱ्या गटातल्या होत्या. प्रयोग संपल्यावर सहा महिन्यांच्या आत सगळ्यांची पाळी पूर्ववत झाली. म्हणजे हा बिघाड लवकर होतो, आणि वेळीच लक्ष दिले तर सुधारतोही.

नेमके कारण सापडले ते पुढे. ओहायो विद्यापीठातल्या अॅन लाउक्स यांनी १९९८ आणि २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत व्यायामाचा ताण आणि पोटाची तूट या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या. व्यायाम भरपूर, पण त्याच्या खर्चाइतके जास्तीचे खाणे दिले, तेव्हा एलएचचा ठेका बिघडला नाही. खाणे अपुरे पडले तेव्हा मात्र पाच दिवसांत बिघडला. हो, अवघ्या पाच दिवसांत! म्हणजे पाळी घालवणारी गोष्ट धावणे नव्हे. धावण्याचा खर्च भागेल इतके पोटात न पडणे, ही ती गोष्ट.

हे तुम्हाला नवीन वाटायचे कारण नाही. घरात पैसा कमी पडला की बाई काय करते? धान्य, रॉकेल, औषध थांबवत नाही. लग्नकार्य पुढे ढकलते. शरीरही तेच करते. हृदय, मेंदू, फुप्फुसे यांचा खर्च कापता येत नाही. मूल होण्याची तयारी मात्र लांबवता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाची भीषण टंचाई पडली. तेव्हा असंख्य बायकांची पाळी बंद झाली आणि नऊ महिन्यांनी जन्म एकदम घटले. त्या बायका काही शर्यतीत धावत नव्हत्या. शरीराला कारण विचारायची सवय नाही, ते फक्त जमाखर्च पाहते.

हिशोब मांडून पाहू

५० किलो वजनाची एक बाई घ्या. त्यातले १२ किलो चरबीचे धरले तर उरले ३८ किलो. हाडे, स्नायू, मेंदू, काळीज सगळे त्यात आले. व्यायामाचा खर्च वजा जाऊन या ३८ किलोंसाठी किलोमागे रोज ४५ च्या आसपास उष्मांक शिल्लक राहिले, तर कारभार नीट चालतो. ३० च्या खाली गेले की लाउक्स यांच्या अभ्यासात एलएचचा ठेका बिघडू लागला. ही काही दगडावरची रेघ नव्हे, कुणाचे जरा आधी बिघडते, कुणाचे जरा उशिरा. पण हिशोबाला आकडा बरा.

ही बाई दिवसाला १,७०० उष्मांकांचे जेवते. घरकाम करणाऱ्या सडपातळ बाईला हे फार कमी नाही. पण ती रोज १५ किलोमीटर धावते. धावण्याला किलो वजनामागे, किलोमीटरमागे साधारण एक उष्मांक लागतो, म्हणजे ७५० गेले. उरले ९५०. त्याला ३८ ने भागा. २५ आले. ती उपाशी नाही. दोन वेळा जेवते, लोकांना धडधाकट दिसते, शर्यतीत नंबरही काढते. पण तिच्या शरीराच्या दप्तरी दुष्काळ जाहीर झालेला आहे.

यात आपल्याकडच्या रीतींची भर पडते. बाईने सगळ्यांच्या मागून जेवायचे, उरले सुरले ते. सोमवार, चतुर्थी, श्रावण, नवरात्र, आणि उपासाच्या दिवशीही पहाटेचा सराव चुकवायचा नाही. उपाशीपोटी धावून यायचे, मग पाणी भरायचे, डबे करायचे, आणि स्वतःचा पहिला घास दुपारी बाराला. दिवसभराच्या खाण्याची बेरीज बरी दिसत असली तरी असे तासन् तास तुटीत काढणे वाईटच. पाळी बिघडलेल्या खेळाडूंचे अशा तुटीतले तास जास्त असतात, असे अभ्यासात आढळले आहे.

"पण माझं वजन तर कमी झालेलं नाही," असे काही जणी म्हणतील. बरोबर आहे. तूट बरेच दिवस चालली की शरीर काटकसर शिकते. थायरॉईडचे टी-थ्री हे संप्रेरक उतरते, अंग थंड पडते, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, भूक आणि चरबी यांची खबर मेंदूला देणारे लेप्टिन घटते. खर्चच कमी केल्यावर वजन कशाला उतरेल? म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका.

आणि पाळी एकदम बंदच होईल असेही नाही. आधी ती लांबते, कमी जाते. कधी रक्तस्राव वेळेवर होतो, पण बीज सुटलेलेच नसते, किंवा बीज सुटल्यानंतरचे दिवस आखूड पडतात. मूल हवे आहे आणि महिने उलटूनही राहत नाही, अशा धावणाऱ्या बाईने हे कारण डॉक्टरांशी जरूर बोलावे.

मग दिवस राहतील की नाही?

राहू शकतात. पाळी नसतानाही राहू शकतात.

वर सांगितलेला क्रम आठवा. आधी बीज, दोन आठवड्यांनी पाळी. तीन-चार महिने पाळी नाही, मग चार दिवस पावसाने सराव बंद राहतो, किंवा माहेरी जाऊन बाई पोटभर जेवते, आराम करते. ठेका परत सुरू होतो, बीज सुटते. त्याची वर्दी कुणी देत नाही. त्याच दिवसांत संबंध आला तर गर्भ राहतो, आणि गर्भ राहिल्यावर पाळी येतच नाही. बाई समजते, अजून धावण्याने बंद आहे.

पुढचे ऐका. मळमळ झाली तर म्हणते उन्हात धावले. थकवा आला तर म्हणते सराव जड झाला. छाती जड वाटली तर पाळी यायची असेल. असे करता करता पोटात हालचाल कळते तेव्हा चौथा-पाचवा महिना लागलेला असतो. मूल नको असेल तर पहिल्या आठवड्यांत गोळ्यांनी होण्याजोगी गोष्ट तोवर अवघड झालेली असते. १९७१ च्या कायद्याने, त्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, आणि ठरावीक प्रसंगी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने. पण उशीर हा उशीरच. आणि मूल हवे असले तरी नुकसान आहेच. फॉलिक अॅसिड आणि लोहाच्या गोळ्या वेळेवर नाहीत, तपासणी नाही, आणि बाई अर्धपोटी पंधरा किलोमीटर धावते आहे.

काही भगिनी विचारतात, "अंगावर पाजताना पाळी नसते तेव्हा दिवस राहत नाहीत म्हणतात, मग हे वेगळं कसं?" प्रश्न चांगला आहे. स्तनपानाच्या बाबतीत तीन अटी पडताळून ठरलेल्या आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, त्याला वरचे काहीही न देता रात्रंदिवस अंगावरच पाजलेले हवे, आणि बाळंतपणानंतर पाळी सुरू झालेली नको. तिन्ही अटी पुऱ्या असतील तर संरक्षण उत्तम मिळते, एक जरी मोडली तर नाही. धावण्याच्या बाबतीत अशी एकही अट कुणी ठरवू शकलेले नाही. अमुक किलोमीटर धावले की इतके दिवस बीज सुटणार नाही, असे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

म्हणून पाळीची तारीख उलटून आठवडा गेला की पहिली गोष्ट लघवीची तपासणी. आशाताईंकडे 'निश्चय' किट असते. पाच मिनिटांचे काम आहे. "माझी पाळी धावण्यानेच गेलीय" हे वाक्य त्या तपासणीनंतर म्हणायचे, आधी नाही.

हाडांची गोष्ट

"कटकट गेली" म्हणणाऱ्या भगिनीसाठी आता. इस्ट्रोजेन फक्त पाळीसाठी नसते. आपली हाडे रोज थोडी झिजतात, रोज थोडी भरतात. झीज आवरून धरण्याचे काम इस्ट्रोजेन करते. ते नसले की झीज पुढे आणि भर मागे.

१९८४ साली बार्बरा ड्रिंकवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी बंद असलेल्या १४ खेळाडू आणि पाळी नियमित असलेल्या १४ खेळाडू यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता मोजली. वय, उंची, वजन, खेळ दोन्हीकडे मिळताजुळता. नियमित पाळीच्या गटात घनता चौरस सेंटिमीटरला १.३० ग्रॅम भरली, पाळी बंद असलेल्यांत १.१२. पंचविशीतल्या त्या मुलींचे मणके पन्नाशी ओलांडलेल्या बाईसारखे झाले होते. धावण्याने हाड मजबूत होते हे खरे आहे, पण इस्ट्रोजेन नसेल तर धावणे एकटे पुरे पडत नाही. मग नडगीला, पावलाला, कधी खुब्याला केसासारखी बारीक तड जाते. ती क्ष-किरणात सुरुवातीला दिसतही नाही, आणि मुलगी तेल लावून, पट्टी बांधून तशीच धावते.

हाडांची मुख्य भर पडते ती वयात येताना आणि विशीपर्यंत. त्या वयात दोन-तीन वर्षे पाळी बंद राहिली तर तूट पुढे पुरती भरून येत नाही. आईवडिलांनो, वयाची पंधरा वर्षे पुरी झाली तरी मुलीला पहिली पाळी आली नाही, किंवा आलेली पाळी तीन महिने चुकली, तर ती कितीही पदके आणत असो, तिला डॉक्टरांकडे न्या. "पाळी गेली म्हणजे मेहनत लागू पडली," असे एखादे प्रशिक्षक म्हणत असतील तर ते त्यांचे अज्ञान आहे. त्यांच्याशी भांडू नका, हे पत्रक वाचायला द्या.

कोणते साधन वापरावे?

मूल नको असेल, किंवा दुसरे लांबवायचे असेल, तर धावणाऱ्या भगिनीला आमचा कल पहिल्यांदा निरोध किंवा तांबीकडे राहील. कारण सोपे आहे. या दोहोंत संप्रेरक नसते. तुमची पाळी तुमचीच राहते आणि ती शरीराचा खरा हाल सांगत राहते. तांबी बसवण्याआधी दिवस गेलेले नाहीत याची खात्री केली जाते. सुरुवातीचे काही महिने रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो, म्हणून रक्त कमी असेल तर आधी तपासून लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळले होते. धावणारणीला तर दम लागण्याचे तेच पहिले कारण असते.

माला-एन, माला-डी या गोळ्या गर्भ टाळण्यासाठी उत्तम आहेत. पण एक गैरसमज नको. गोळ्यांच्या पाकिटाच्या शेवटी होणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे. गोळ्यांतले संप्रेरक थांबल्याने अस्तर गळते, इतकेच. "गोळ्या सुरू केल्या, पाळी परत आली, आता सगळं ठीक आहे," असे वाटते, आणि आत तूट तशीच राहते. ऑलिंपिक समितीच्या वैद्यकीय तज्ज्ञांनीही पाळी आणण्यासाठी किंवा हाडे वाचवण्यासाठी या गोळ्या देऊ नयेत असेच म्हटले आहे. दिवस टाळायला घ्या, जरूर घ्या. आजार झाकायला घेऊ नका.

तीन महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' इंजेक्शनाने पाळी बंद होऊ शकते आणि ते चालू असेतो हाडांची घनताही थोडी कमी होते. इंजेक्शन थांबवल्यावर ती बरीचशी भरून येते. सर्वसाधारण बाईला याची चिंता नाही, पण ज्यांची पाळी आधीच धावण्याने गेली आहे किंवा हाडाला तड गेली आहे, त्यांनी इंजेक्शनाआधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे. 'छाया' या आठवड्याच्या गोळीने काहींची पाळी लांबते, हेही आधी ठाऊक असलेले बरे.

बंधूंनो, तुम्हीही वाचा

नसबंदीचे नाव काढले की पुरुष म्हणतात, "ताकद जाईल." अहो, नसबंदीत फक्त शुक्रजंतू वाहून नेणारी नळी बंद करतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक रक्तातून जाते, त्या नळीतून नव्हे, आणि ते तसेच राहते. दोन दिवसांनी हलके काम, सात दिवसांनी सायकल. सुरुवातीचे तीन महिने मात्र निरोध वापरायचा आणि मग धातूची तपासणी करून घ्यायची.

उलट गंमत पाहा. टेस्टोस्टेरॉन खरोखर खाली आणणारी गोष्ट म्हणजे बेचाळीस किलोमीटरची दौड! मॅरेथॉननंतर ते काही काळ उतरते, कॉर्टिसॉल चढते, विश्रांतीने पुन्हा जागेवर येते. वर्षानुवर्षे लांब पल्ला धावणाऱ्यांत विश्रांतीच्या वेळीही ते बैठ्या माणसापेक्षा कमी आढळते, बहुधा सामान्य मर्यादेत असले तरी. १९९४ सालच्या एका अभ्यासात आठवड्याला शंभर किलोमीटरच्या वर धावणाऱ्यांत टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू दोन्ही कमी दिसले. पन्नास-साठ किलोमीटर धावणाऱ्यांत तसे दिसले नाही. यांच्यातही अपुरे खाणे हे मोठे कारण आहे.

पण शुक्रजंतू कमी झाले म्हणजे संपले नाहीत. धावणे हे पुरुषाचेही गर्भनिरोधक नव्हे. मूल हवे असूनही होत नसेल तर सराव कमी करून, खाणे वाढवून किमान तीन महिने थांबा. नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात. आणि भरतीसाठी म्हणून कुणी 'ताकदीचे इंजेक्शन' देऊ लागला तर घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पियूषिका ग्रंथी आपला निरोप थांबवते आणि शुक्रजंतू तयार होणेच बंद पडू शकते. ज्या वयात मर्दानगी दाखवायची त्या वयात ती गमावायची, असा हा व्यवहार आहे.

आता करायचे काय?

वरच्या बाईचा हिशोब ७५० ने तुटीत होता. ते भरून काढायला महागडे डबे लागत नाहीत. ५० ग्रॅम शेंगदाणे, ५० ग्रॅम गूळ, दोन केळी आणि एक कप दूध मिळून साधारण तेवढेच होते. हे नेहमीच्या भाकरी, डाळ, भात, भाजीवर आणखी खायचे, त्याऐवजी नव्हे. धावायला निघण्याआधी केळे किंवा गुळाचा खडा, आणि आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दूध, उसळ, अंडे, जे घरात चालत असेल ते. डबे नंतर. सासूबाई, तुम्ही यात फार मदत करू शकता. सून पहाटे धावून आली की तिच्यापुढे ताट आधी सरकवा. उपासाच्या दिवशी लांब धावू नये. आठवड्यातून एक-दोन दिवस पाय पूर्ण मोकळे ठेवावेत.

एवढे करूनही पाळी येत नसेल, किंवा तीन महिने चुकलीच असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. सगळी बंद पाळी धावण्यानेच जाते असे नाही. थायरॉईड, पियूषिका ग्रंथीतून जास्त सुटणारे प्रोलॅक्टिन, बीजकोशांचा पीसीओएस हा विकार, गर्भाशयाचा क्षय, अशी कारणे आधी तपासावी लागतात. लघवी, रक्त आणि गरज पडल्यास सोनोग्राफी होईल. जाताना गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा आणि आठवड्याला किती किलोमीटर धावता ते एका कागदावर लिहून न्या. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची सवय असेल तर त्याहून सोपे. संकोच वाटला तर आरोग्य सेविकेशी बोला, त्या डॉक्टरांना सांगतील.

सुधारणा टप्प्याटप्प्याने होते. पुरेसे खाऊ लागल्यावर शरीरातली चणचण दिवसा-आठवड्यांत कमी होते, अंगात ऊब येते, झोप सुधारते. पाळी परतायला महिने लागतात. हाडांना वर्षे. आणि इथे एक गोष्ट विसरली जाते. खाणे वाढवल्यावर पहिल्यांदा बीज सुटते, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी. उपचार लागू पडत असतानाच, पाळीचा पत्ता नसताना, दिवस राहण्याचा संभव सगळ्यात वाढतो. तेव्हा मूल नको असेल तर निरोध किंवा दुसरे साधन शेंगदाणे-गुळाच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू करा. पाळी येईपर्यंत दर महिन्याला एकदा आशाताईंकडून लघवीची तपासणी करून घ्या. निरोध आणि 'निश्चय' किट दोन्ही उपकेंद्रात मोफत मिळतात.